इंजिनाचा नंबर

आमच्या दादांची काँटेसा सांगलीच्या घराच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. दादा २०१९ च्या मे महिन्यात गेले. त्याच ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले आणि दोन दिवस गाडीच्या पायदानापर्यंत उभे राहिले. इंजिन वाचले, पण खालचा पत्रा तेव्हापासून जो गंजत गेला तो थांबला नाही. पुतण्या पुण्याहून पंधरा दिवसांनी येऊन गाडी सुरू करून ठेवायचा. मग करोना आला, येणेजाणे थांबले, बॅटरी उतरली आणि उंदरांनी वायरिंगचा समाचार घेतला. वहिनी म्हणतात, गाडी विकू नका. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

गेल्या दिवाळीत पुतण्या माझ्याकडे आला तो एक बेत घेऊन. त्याच्याकडे २००७ सालची अ‍ॅम्बॅसडर आहे, दोन लिटर डिझेलची. हौसेने घेतलेली आणि पंधरा वर्षे झाल्यावर रीतसर फेरनोंदणी केलेली. काँटेसा त्याहून नऊ वर्षांनी जुनी, १९९८ ची. पण तिच्यातले इंजिन टर्बोवाले. "काका, बाबांच्या गाडीची बॉडी आता दुरुस्त होत नाही. इंजिन मात्र ठणठणीत आहे. ते माझ्या गाडीत घालतो. मिस्त्री ठरलाय, खर्चाचा अंदाज काढलाय. कागदपत्रांचं तेवढं तुम्ही बघा."

कागदपत्रांचे मी बघायचे, हे आमच्या घरात पूर्वीपासून ठरलेलेच आहे. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला दुसरे काय येते, असा त्यामागे सार्वत्रिक समज आहे. कादंबऱ्या लिहितो ही गोष्ट त्यात धरली जात नाही. (एका कादंबरीत मी १९८२ सालच्या लग्नाच्या वरातीत काँटेसा आणली होती. ती गाडी १९८४ मध्ये आली, असे एका वाचकाने कार्डावर लिहून कळवले. त्या एका वाक्याखेरीज कादंबरीबद्दल त्यात काही नव्हते.)

तेव्हा आधी गाडीविषयी नीट सांगतो, नाहीतर पुन्हा कार्ड येईल. काँटेसा आणि अ‍ॅम्बॅसडर या एकाच घरच्या लेकी. दोघी पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सच्या. अ‍ॅम्बॅसडर मूळची विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड. ती १९५७ पासून २०१४ पर्यंत तिथे तयार होत राहिली. काँटेसाचा मूळ साचा व्हॉक्सॉल व्हिक्टरचा. आली तेव्हा तिचा थाट मोठा होता, पण पोटात इंजिन घातले होते अ‍ॅम्बॅसडरचेच, दीड लिटरचे. घरंदाज बाईला शेजारणीची चप्पल घालून लग्नाला पाठवावे तसा तो प्रकार. चढावर तिला धाप लागे. मग जपानच्या इसुझू कंपनीशी करार झाला, मध्य प्रदेशात पिथमपूरला इंजिने बनू लागली, आणि काँटेसात आधी १८०० सीसीचे पेट्रोल आणि मग दोन लिटरचे डिझेल इंजिन आले. गंमत पुढे आहे. हीच इसुझूची इंजिने नंतर अ‍ॅम्बॅसडरमध्येही बसली. म्हणजे एका गाडीचे इंजिन दुसरीत घालण्याचा खेळ कारखान्याने स्वतः दोन्ही बाजूंनी खेळून झाला होता. कारखान्याने केले की त्याला नवे मॉडेल म्हणतात आणि मिस्त्रीने केले की गुन्हा, हे मला बरेच नंतर कळले.

दादांनी डिझेल टर्बो का घेतली, याचे उत्तर सोपे आहे. त्यांचा द्राक्षाच्या औषधांचा धंदा होता आणि आठवड्यातून दोनदा कोकणात उतरावे लागे. टर्बो म्हणजे काय हे त्यांनी मला एकदा आंबा घाटात गाडी थांबवून, बॉनेट उघडून समजावले होते. लोहाराचा भाता आठवा. भात्याने वारा घातला की निखारा फुलतो. इंजिनाचेही तसेच आहे. आत जितकी जास्त हवा कोंबाल तितके जास्त इंधन जाळता येते. पण भाता ओढायला माणूस कुठून आणायचा? तर इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूरच एक छोटे चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा ओढून आत दाबते. मिनिटाला लाखभर फेरे घेणारी ही जोडी मुठीत मावते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आधी ती जहाजांत आणि विमानांत गेली, आणि घरगुती मोटारीत रुळायला सत्तरचे दशक संपत आले. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचे, ही गोष्ट दादांना फार आवडे. त्यांचा स्वभावच तसा होता. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहीत.

आणखी एक सवय त्यांनी घरातल्या सगळ्यांना लावली होती. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. मिनिट-दीड मिनिट तशीच धडधडत ठेवायची. कारण तापलेल्या टर्बोच्या दांड्याला तेल मिळते ते इंजिन चालू असेपर्यंतच. एकदम बंद केले की तेल जागच्या जागी जळते आणि काजळी धरते. त्यामुळे दादा घरी आले की दारात गाडीचा आवाज मिनिटभर तसाच चालू राही आणि वहिनी तेवढ्यात चहाचे आधण ठेवीत.

पुतण्याचा मिस्त्री कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. साठीचा माणूस, बोलणे मोजके. त्याच्याकडे आम्ही दोघे गेलो. माझी समजूत अशी की, हे लोक म्हणजे काहीही कशातही बसवणारे. त्याने आधी दहा मिनिटे आम्हाला परावृत्त करण्यात घालवली. इंजिन उचलून ठेवणे हे एक दिवसाचे काम, बाकीचे काम महिन्याचे, असे तो म्हणाला. ठोकळा एकाच घराण्यातला असल्याने गिअरबॉक्सचा प्रश्न फारसा येणार नाही. पण फाउंडेशन तपासून वेल्डिंग करावे लागेल. टर्बोला तेलाची वेगळी नळी लागते, ती ओढावी लागेल. धुराचा पाइप स्टेअरिंगच्या जवळून जातो, तिथे उष्णतेसाठी आडोसा हवा. रेडिएटर मोठा हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. "साहेब, पळायची ताकद कुणीही वाढवून देईल. थांबायची ताकद वाढवायला कुणी पैसे देत नाही," असे म्हणून त्याने पुतण्याच्या गाडीचे पुढचे चाक उतरवले आणि ब्रेकची स्थिती आम्हाला दाखवली. ती दाखवण्यासारखी नव्हती. डिझेल गाडीत ब्रेकला जोर द्यायला इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तोही त्याने नवा सांगितला.

येताना पुतण्याने मोबाइलवर परदेशातले असेच उद्योग दाखवले. टोयोटाची नवी सुप्रा २०१९ मध्ये आली ती बीएमडब्ल्यूचे इंजिन घेऊन. जुन्या सुप्राचे तीन लिटरचे, ओतीव लोखंडी ठोकळ्याचे, दोन टर्बोंचे टोयोटाचे स्वतःचे इंजिन होते. ते २००२ मध्ये बंद झाले, पण त्याचे भक्त सरले नाहीत. जपानमधला दायगो साइतो नावाचा शर्यतपटू आहे, त्याने नवी गाडी बाजारात आली त्याच वर्षी तिच्यातले नवे इंजिन काढून ते जुने बसवले. मला त्यातली तंत्राची बाजू कळली ती एवढीच: हल्लीच्या गाडीत इंजिन नुसते ताकद देत नाही, ते बोलतेही. ब्रेक, स्टेअरिंग, किल्ली, समोरचे काटे हे सगळे इंजिनाच्या संगणकाशी सतत निरोपांची देवाणघेवाण करतात. जुने इंजिन बसवले की समोरून उत्तरच येत नाही आणि गाडी सगळे लाल दिवे लावून बसते. आमच्या अ‍ॅम्बॅसडरला असले काही नव्हते, हे तिचे भाग्य. शिवाय साइतोची गाडी शर्यतीच्या मैदानावर धावते. आम्हाला सांगली-पुणे रस्त्यावर न्यायची होती.

इथे माझे खाते उघडते.

वाहनकर्ज देताना आम्ही दोन आकडे पाहत असू, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. त्या काळी चेसिसच्या आकड्यांवर कागद धरून वरून पेन्सिल घासायची आणि तो ठसा फाइलला लावायचा. माझ्या पँटला ग्रीस नाही असा एकही महिना गेला नसेल. कर्जदाराचे नाव बदलेल, पत्ता बदलेल, रंग बदलेल, पण हे दोन आकडे म्हणजे गाडी, असे आम्हाला शिकवले होते.

१९९२ च्या उन्हाळ्यात मी तासगाव भागातल्या एका शाखेत होतो. एका शेतकऱ्याने आमच्याकडून पेट्रोल जीप घेतली होती. तपासणीला गेलो तर इंजिनाचा आवाजच वेगळा. बॉनेट उघडले तर आत डिझेल इंजिन, भंगारातून आणलेले, पण नीट बसवलेले. आकडा अर्थातच जुळत नव्हता. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "सायेब, पेट्रोल परवडंना. तुमचा हप्ता भरायचा म्हणूनच घातलंय बघा." आणि ते खरे होते. इंजिन बदलल्यापासून त्याचा एकही हप्ता चुकला नव्हता. मी तपासणीच्या अहवालात लिहिले, 'वाहन सुस्थितीत'. आकड्यांचा रकाना मागच्या अहवालावरून उतरवून काढला. घरी येताना आपण एका गरिबाचे भले केले असे मला वाटत होते. त्यांच्याकडे जेवलोही होतो.

पुढच्या द्राक्षहंगामात, १९९३ च्या फेब्रुवारीत, पेट्या घेऊन येताना ती जीप चिंचेच्या झाडावर गेली. माणसे वाचली, जीप संपली. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने पहिल्यांदा पाहिला तो इंजिनाचा नंबर. नोंदणीपुस्तकात एक, गाडीत दुसरा. शिवाय इंधन दुसरे. दावा नामंजूर झाला. कर्ज उभेच राहिले, कारण जीप गेली तरी कर्ज जात नाही. वर्षभराने त्याने बांधालगतचे वीस गुंठे विकले. पैसे भरायला तो माझ्याच टेबलासमोर उभा होता. पावती घेताना "सायेब, तुम्ही बघितलं हुतं की" एवढेच म्हणाला. त्यात आरोप नव्हता. मला अजून ते तसेच ऐकू येते.

खरी टोचणी याच्याही पुढची आहे. त्या वेळी कायद्याने वाट होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये, वाहनात असा बदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे आणि त्याची मंजुरी घ्यावी, अशी तरतूद होती. मी तेव्हा डोळे झाकण्याऐवजी त्याला अर्ज लिहून दिला असता, बँकेचे संमतिपत्र जोडले असते, विमा कंपनीला कळवले असते, तर नवा नंबर पुस्तकात चढण्याची निदान शक्यता होती. ते तासाभराचे काम होते. मी ते केले नाही, कारण दुर्लक्ष करण्यात मला औदार्य वाटले.

त्यामुळे पुतण्याचा अर्ज मी फार मन लावून लिहिला. दोन्ही गाड्यांची पुस्तके, दादांच्या वारसाचे कागद, वहिनींचे ना-हरकतपत्र, मिस्त्रीने लिहून दिलेला कामाचा तपशील, सगळे फाइलला लावले. आणि मग कायद्याची आजची प्रत वाचायला घेतली. २००० साली कलम ५२ बदलले आहे. आता, उत्पादकाने मूळ जो तपशील दिला त्याच्याशी नोंदणीपुस्तक विसंगत होईल असा बदल मालकाला करताच येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडही स्पष्ट केला: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये, किंवा दोन्ही. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन परवानगी घेऊन बदलता येते. सीएनजीचा किंवा विजेचा मान्यताप्राप्त संच बसवता येतो. म्हणजे दादांचे इंजिन काढून त्या जागी बॅटऱ्या भरायला वाट आहे. ते इंजिन शेजारच्या गाडीत ठेवायला नाही.

हे मला गैर वाटते, आणि का वाटते ते सांगतो. जर्मनीत अशी गाडी मान्यताप्राप्त तपासणी अभियंत्यापुढे उभी करावी लागते. तो ब्रेक, आवाज, धूर तपासतो आणि पटले तर गाडीच्या कागदांत तशी नोंद होते. इंग्लंडमध्ये इंजिन बदलले की नोंदणी कार्यालयाला पुराव्यासह कळवायचे असते. धुराच्या बाबतीत सगळ्यांत कडक कॅलिफोर्निया. तिथला नियम असा की, बसवायचे इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्याहून नवे हवे, प्रदूषण रोखणाऱ्या सगळ्या सामग्रीसह हवे, आणि मग त्यासाठीच नेमलेल्या तपासणीसाने ते पाहायला हवे. आमचा बेत, म्हणजे जुने इंजिन नव्या गाडीत, तिथे पहिल्याच अटीला कोसळला असता. पण निदान कशामुळे कोसळला हे समोरासमोर कळले असते. कडक दार आणि बंद दार यांत फरक आहे. दार बंद असले की लोक खिडकीतून जातात. आपल्याकडच्या तालुक्या-तालुक्यांतून पुस्तकात एक आणि बॉनेटखाली दुसरे अशी वाहने धावतात. त्यांचे ब्रेक कोणी पाहत नाही, धूर कोणी पाहत नाही, आणि अपघात झाला की सर्व्हेअर तेवढा नंबर पाहतो.

दुसरी बाजू मला दिसत नाही असे नाही. चोरीच्या गाड्यांची इंजिने अशीच फिरतात. १९९८ चे डिझेल इंजिन किती काळा धूर टाकते, हे त्याच्यामागून स्कूटर चालवलेल्या कोणालाही विचारा. नव्या गाडीसाठी २०२० पासून भारत स्टेज सहा सक्तीचे करायचे आणि दुसरीकडे असली इंजिने नव्याने रस्त्यावर येऊ द्यायची, हे जुळत नाही. पुतण्याच्या हौसेपेक्षा रस्त्यावरच्या मुलांची फुप्फुसे मोठी, हे मी त्यालाही सांगितले. म्हणून माझे मागणे एवढेच आहे की, प्रत्येक जिल्ह्यात एक तपासणी असावी, शुल्क भरपूर घ्यावे, दहांतले नऊ अर्ज नापास करावेत. पण अर्ज घेणारी खिडकी असावी.

आम्ही गेलो त्या कार्यालयात साहेबांनी फाइल पूर्ण वाचली. फार दिवसांनी कोणी माझा मसुदा शेवटपर्यंत वाचला. ते म्हणाले, "कंपनी तीच, सीसी तेच. पण एक टर्बो आहे, एक नाही. त्याच प्रकारचं इंजिन असं मी लिहू शकत नाही." मग चष्मा काढून हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही विचारायला आलात म्हणून सांगतोय." या वाक्याचे दोन अर्थ होते. पुतण्याने लगेच दुसरा अर्थ घेतला. बाहेर आल्यावर म्हणाला, "काका, म्हणजे न विचारता करा असंच ते म्हणाले ना?"

मी त्याला पानाच्या टपरीशी उभा करून त्या जीपची गोष्ट सांगितली. घरात कोणालाच ती माहीत नव्हती. दादांनाही नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग "वीस गुंठे म्हणजे किती चौरस फूट?" असे विचारले. एकवीस हजारांच्या वर, असे मी सांगितले.

इंजिन त्याने काँटेसातून उतरवले आहे, ते पत्रा पूर्ण गेला म्हणून. अ‍ॅम्बॅसडरमध्ये मात्र घातलेले नाही. तिचे ब्रेक तेवढे त्याने मिस्त्रीकडून नवे करून घेतले. काँटेसाच्या तळाचा पत्रा नव्याने ठोकून इंजिन तिच्यातच परत बसवायचे, तर नंबरांचा प्रश्न येत नाही. पण मिस्त्रीचा आकडा पुतण्याच्या सहा पगारांएवढा आहे आणि त्याच्या घराचे हप्ते चालू आहेत. तोवर इंजिन अंगणात लोखंडी घोड्यावर ठेवले आहे.

पाडव्याला मिस्त्री सांगलीला आला. त्याने शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली, डिझेलचा कॅन उंचावर टांगला, गार पाण्याची नळी लावली आणि दोन-तीन प्रयत्नांत इंजिन धडाडले. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसे आली. वहिनी पदराला हात पुसत मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मिनिटभर ऐकत होत्या.

"एवढा आवाज नव्हता त्यांचा," त्या म्हणाल्या.

"आई, सायलेन्सर लावलेला नाहीये," पुतण्या ओरडून म्हणाला.

त्यांना ऐकू आले की नाही कोण जाणे. मिस्त्री बंद करायला वाकला, तर त्यांनी हाताने त्याला थांब म्हणून खूण केली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.